जोडलेला संगणक आणि अडलेली प्रणाली

कारखान्यातून सीलबंद खोक्यात येणारा संगणक आणि घरातील टेबलावर एकेक भाग जुळवून उभा केलेला संगणक या दोहोंत बाह्यतः फारसा भेद दिसत नसला, तरी त्यांच्या घडणीत एक मूलभूत अंतर आहे, आणि प्रणाली बसवताना उद्भवणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळ त्या अंतरातच सापडते. कारखान्यातील यंत्राचा मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएसडी आणि वीजपुरवठ्याचा एसएमपीएस यांचा मेळ तेथील अभियंत्यांनी आधीच घालून पाहिलेला असतो. कोणत्या भागाला कोणता ड्रायव्हर लागेल याची तजवीज झालेली असते. आणि विंडोजची जी प्रत त्यात भरलेली असते ती त्याच नमुन्याच्या यंत्रावर तपासून घेतलेली असते. याउलट मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, ज्याचे सरकारदप्तरी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे, चार दुकाने हिंडून आणि भावाची घासाघीस करून घेतलेले सुटे भाग प्रथमच एकत्र येतात ते घेणाऱ्याच्या घरी. त्यांतला प्रत्येक भाग आपापल्या जागी निर्दोष असू शकतो. परंतु ते सर्व मिळून एकदिलाने चालतील, याची हमी कोणत्याही एका उत्पादकाने दिलेली नसते. ती जबाबदारी असेंबल करणाऱ्याने पत्करलेली असते, त्याला त्याची जाणीव असो वा नसो.

अशा यंत्रावर प्रणाली बसत नाही असे दिसताच आपल्याकडे सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे ‘फॉरमॅट मारा आणि विंडोज पुन्हा टाका’. हा सल्ला मला केवळ अपुराच नव्हे, तर घातक वाटतो; कारण तीच कृती पुन्हा पुन्हा केल्याने दोष तर हटत नाहीच, उलट पहिल्या खेपेस तो जेथे उघड झाला होता तेथला पुरावा पुसला जातो, आणि पुष्कळदा शेजारच्या ड्राइव्हवरील वर्षानुवर्षांची छायाचित्रे व कागदपत्रेही त्याबरोबर नाहीशी होतात. पडद्यावर उमटणारा संदेश दोषाचे नाव क्वचितच सांगतो. काम कोणत्या टप्प्यावर थांबले एवढेच तो सांगत असतो. दोष त्या टप्प्यात असेल, त्याच्या मागच्या टप्प्यात असेल, किंवा अगदी आरंभी रॅमची पट्टी बसवताना राहून गेलेला असेल. म्हणून संदेशातील मजकूर शब्दशः खरा धरून त्याच्यामागे धावण्याऐवजी, तो उमटण्यापूर्वी यंत्राने कोणकोणती कामे सुरळीत पार पाडली होती याचा शोध घेणे हीच तपासाची खरी रीत होय.

यंत्राची कळ दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत यंत्राचा ताबा अनेक हातांतून जातो. कचेरीत बदलून आलेला अंमलदार जसा आपल्या पूर्वाधिकाऱ्याकडून दप्तर, किल्ल्या आणि शिक्के मोजून घेतो, आणि तो चार्ज पुरा झाल्यावाचून त्याचा एकही हुकूम चालत नाही, तसाच येथेही प्रत्येक टप्पा पुढच्याला अधिकार सुपूर्द करून आपण बाजूला होतो. प्रथम मदरबोर्डवरील चिपमध्ये कायम वस्तीला असलेले फर्मवेअर, ज्याला अजूनही सर्वजण बायोस म्हणतात, जागे होते. ते प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स यांची हजेरी घेते, ड्राइव्ह शोधते आणि त्यावरील बूटलोडर नावाच्या लहानशा प्रोग्रॅमला ताबा देते. बूटलोडर प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, रॅममध्ये आणून बसवतो. आणि कर्नल आपल्या ड्रायव्हरांच्या साहाय्याने उर्वरित यंत्राचा कारभार हाती घेतो. यातील मर्माची गोष्ट अशी की, बायोसला जो ड्राइव्ह वा कीबोर्ड स्वच्छ दिसत होता तो कर्नललाही दिसेलच असे नाही. कारण बायोसचे ड्रायव्हर त्याच्या स्वतःपुरते असतात, आणि कर्नलला आपले ड्रायव्हर आपणच आणावे लागतात.

या मर्माचे सर्वांत बोलके उदाहरण २०१५ सालचे आहे. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये इंटेलने स्कायलेक हे प्रोसेसर बाजारात आणले आणि त्यांच्या जोडीच्या चिपसेटमधून यूएसबी २.० चा जुना नियंत्रक काढून टाकला. यापुढे सर्व यूएसबी पोर्टांचा कारभार यूएसबी ३.० च्या नव्या नियंत्रकाकडे राहणार होता. विंडोज १० त्याच्या आठवडाभर आधी प्रसिद्ध झाले होते खरे, पण पुष्कळांना आपल्या सवयीचे २००९ सालचे विंडोज ७ च हवे होते, आणि विंडोज ७ च्या मूळ प्रतीत त्या नव्या नियंत्रकाचा ड्रायव्हरच नव्हता. परिणाम असा झाला की, बायोसमध्ये कीबोर्ड आणि माउस उत्तम चालत, पेन ड्राइव्हवरून बसवणीचा पहिला पडदाही उघडे, आणि नेमक्या त्याच क्षणी दोन्ही निर्जीव होत; जेथे ते कसेबसे चालत, तेथे सीडी किंवा डीव्हीडी ड्राइव्हचा आवश्यक ड्रायव्हर सापडत नाही असा संदेश उमटे. ज्या यंत्रात डीव्हीडी ड्राइव्ह मुळी नव्हताच त्याच्या मालकाने हा संदेश वाचून काय करावे? वस्तुतः बसवणीचा प्रोग्रॅम ज्या पेन ड्राइव्हवरून आला होता तोच त्याला आता दिसत नव्हता, आणि आपले उगमस्थान हरवल्याची ती तक्रार त्याने जुन्या काळच्या भाषेत केली होती. पेन ड्राइव्हवरील प्रतीत यूएसबी ३.० चा ड्रायव्हर आधीच घालून ठेवणे, अथवा ज्या बोर्डावर जुना गोल पीएस/२ पोर्ट शिल्लक होता तेथे त्या जातीचा कीबोर्ड लावून साटा केबलच्या डीव्हीडी ड्राइव्हवरून बसवणी करणे, हे त्यावरचे इलाज ठरले.

आता आपल्या टेबलावरच्या यंत्राकडे वळू. पेन ड्राइव्ह हाती घेण्यापूर्वी पहिली खातरजमा यंत्राच्या अंगाची करावी. अलीकडच्या पुष्कळ मदरबोर्डांवर चार बारीक दिवे असतात आणि त्यांच्याशेजारी सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट अशी अक्षरे छापलेली असतात; हजेरीच्या वेळी हे दिवे एकामागून एक लागून विझतात, आणि जो विझत नाही त्याच्या नावाचा टप्पा अडला असे समजावे. डीरॅमचा दिवा तसाच राहिला, तर रॅमच्या पट्ट्या कोणत्या स्लॉटमध्ये आहेत ते पाहावे. चार स्लॉटच्या बोर्डावर दोनच पट्ट्या असतील, तर सामान्यतः त्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या असतात, शेजारी शेजारी नव्हे. पट्टी बसवताना तिच्या दोन्ही टोकांवर अंगठ्यांनी सारखा दाब द्यावा. खिटी आपण होऊन मिटली आणि टक् असा आवाज झाला म्हणजे ते टोक बसले. पण काही बोर्डांवर खिटी एकाच बाजूस असते, आणि दुसरे टोक केसभर वर राहिलेले नजरेतून सहज निसटते. तेव्हा बोर्ड आडवा ठेवून, डोळा पट्टीच्या पातळीला आणून ती सरळ रेषेत आहे की तिरकी, हे पाहिल्याशिवाय समाधान मानू नये.

डीडीआर५ जातीची रॅम असेल, तर आणखी एक धीर धरावा लागतो. प्रोसेसर आणि रॅम यांच्यातील विद्युत्संकेतांची वेळ जुळवण्याचे काम पहिल्या खेपेस चालते, आणि एएमडीच्या एएम५ बोर्डांवर त्याला काही मिनिटे लागू शकतात. तेवढा वेळ पडदा काळा राहतो, पंखे फिरत असतात, आणि नवखा मनुष्य यंत्र बिघडले असे समजून कळ दाबतो. त्यायोगे जुळवणी अर्ध्यावर तुटते आणि पुढच्या खेपेस पुन्हा आरंभापासून सुरू होते.

प्रोसेसर बोर्डापेक्षा नवा असला, तर बायोसला तो ओळखताच येत नाही, हीदेखील असेंबल्ड यंत्राचीच खास अडचण आहे. बोर्ड दुकानाच्या कपाटात वर्षभर पडून राहिलेला असतो, प्रोसेसर गेल्या महिन्यात निघालेला असतो, दोघांचा सॉकेट एकच असतो, आणि तरीही यंत्र जागे होत नाही. बायोस अद्ययावत केल्यास काम भागते. पण अद्ययावत करण्यासाठी यंत्र सुरू व्हावे लागते, आणि ते सुरू होण्यासाठी अद्ययावत बायोस लागतो! २०१८ साली रायझनच्या नव्या प्रोसेसरांच्या बाबतीत हा पेच इतका व्यापक झाला की, एएमडीने अडलेल्या ग्राहकांना केवळ बायोस अद्ययावत करण्यापुरता एक जुना चालता प्रोसेसर उसना पाठवण्याची व्यवस्था केली. आज अनेक बोर्डांच्या मागच्या बाजूस यासाठी एक स्वतंत्र बटण असते. बोर्डाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या नावाची फाइल पेन ड्राइव्हवर ठेवून, तो नेमून दिलेल्या पोर्टमध्ये लावून ते दाबले की, बोर्डावर प्रोसेसर नसतानाही बायोस बदलता येतो. बोर्ड विकत घेताना हे बटण आहे की नाही ते पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. रंगीत दिव्यांपेक्षा त्याची किंमत अधिक आहे.

अंगाची तपासणी झाली, यंत्र बायोसच्या पडद्यापर्यंत आले, रॅम पुरी दिसली, एसएसडीचे नाव दिसले, म्हणजे पेन ड्राइव्हचा विचार करावा. येथे थोडा इतिहास उपयोगी पडतो. आयबीएमने १९८१ साली आपला वैयक्तिक संगणक काढला तेव्हापासूनचा जुना बायोस ड्राइव्हचा पहिला ५१२ बाइट्सचा भाग वाचून तेथील प्रोग्रॅमला ताबा देत असे. १९८३ पासून त्याच भागात पार्टिशनांची नोंदही ठेवली जाऊ लागली. ती नोंद एमबीआर या नावाने ओळखली जाते. तिच्यात चारच मुख्य पार्टिशने मावतात, आणि जागेचा क्रमांक लिहिण्यास ३२ बिट्स एवढीच सोय असल्याने, ५१२ बाइट्सच्या भागांच्या हिशेबाने २ टेराबाइटच्या पलीकडची जागा तिला मोजता येत नाही. इंटेलने आपल्या इटानियम प्रोसेसरसाठी जी नवी पद्धत आखली, आणि २००५ पासून अनेक कंपन्यांच्या संयुक्त मंडळाने जी यूईएफआय या नावाने पुढे चालवली, तिने जीपीटी ही विस्तृत नोंद आणली आणि बूटलोडर एका लहान फॅट३२ पार्टिशनमध्ये सामान्य फाइलच्या रूपाने ठेवण्याची रीत घातली. कित्येक बोर्डांनी मात्र सीएसएम या नावाखाली जुन्या बायोसचा अवतारही जिवंत ठेवला, आणि एकाच यंत्रात अशा दोन राजवटी नांदू लागल्याने घोटाळ्याला जागा झाली.

बूटच्या यादीत एकच पेन ड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नुसत्या नावाने आणि एकदा यूईएफआय ही अक्षरे आधी लावून, त्याचे कारण हेच. नुसत्या नावाने सुरू केला तर बसवणी जुन्या राजवटीत चालते, आणि नव्या एसएसडीवर जीपीटी नोंद असल्यास विंडोज तेथे बसण्यास नकार देते. उलट, यूईएफआयने सुरू केल्यावर ड्राइव्हवर जुनी एमबीआर नोंद आढळली, तर जीपीटीशिवाय चालणार नाही असा संदेश येतो. दोन्ही प्रसंगी ड्राइव्ह निर्दोष असतो. आजच्या यंत्रात सीएसएम बंद ठेवून यूईएफआय हीच राजवट पत्करावी, आणि ड्राइव्ह खरोखरच कोरा करण्याजोगा असेल, तर शिफ्ट आणि एफ१० दाबून उघडणाऱ्या काळ्या खिडकीत डिस्कपार्टच्या साहाय्याने त्याचे जीपीटीत रूपांतर करावे. त्यात ‘क्लीन’ हा जो हुकूम आहे तो निवडलेल्या ड्राइव्हची पार्टिशनांची सारी नोंद पुन्हा न विचारता पुसून टाकतो. म्हणून आधी ‘लिस्ट डिस्क’ करून, आकारमानावरून ड्राइव्ह ओळखून, क्रमांक दोनदा वाचल्याशिवाय तो देऊ नये.

यानंतर येतो तो प्रसंग, ज्यापुढे अनुभवी माणसेही थबकतात. विंडोज कोठे बसवायचे असे विचारणारा पडदा उघडतो, आणि ड्राइव्हची यादी रिकामी असते. खाली, एकही ड्राइव्ह सापडला नाही, ड्रायव्हर द्यावा, अशा अर्थाची ओळ तेवढी दिसते. बायोसमध्ये हाच एसएसडी नावासकट, क्षमतेसकट दिसलेला असतो. पहिला तर्क ड्राइव्ह खराब निघाल्याचा होतो आणि मनुष्य तो बदलून आणण्यास दुकान गाठतो. पण वर सांगितलेले हस्तांतराचे मर्म ध्यानात असेल, तर बायोसला दिसणारा आणि विंडोजला न दिसणारा ड्राइव्ह हा बहुधा मेलेला नसून मध्ये कोणीतरी आडवे आलेले आहे, हे कळावे. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक यंत्रांत हा आडवा येणारा म्हणजे व्हीएमडी होय. मूळ सर्व्हरसाठी योजलेली ही व्यवस्था एनव्हीएमई ड्राइव्हना आपल्या छत्राखाली घेते; तिचा ड्रायव्हर ज्याच्याजवळ नाही त्याला छत्राखालचे काहीच दिसत नाही, आणि विंडोजच्या बसवणीच्या प्रतीत तो पुष्कळदा नसतो.

यावर दोन मार्ग आहेत. ज्याला अनेक ड्राइव्ह जोडून रेड करायचे नाही, त्याने बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करावे; घरगुती यंत्रासाठी मला हाच मार्ग प्रशस्त वाटतो. दुसरा मार्ग म्हणजे बोर्डाच्या उत्पादकाकडून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर मिळवून पेन ड्राइव्हवर ठेवणे आणि ‘लोड ड्रायव्हर’ हे बटण दाबून तो दाखवणे. येथे एक बारीक खोच आहे: उत्पादक पुष्कळदा तो एकाच चालत्या फाइलच्या रूपात देतात, तर बसवणीच्या प्रोग्रॅमला हवी असते ती उलगडलेली घडी, जिच्यात आयएनएफ या शेपटाची फाइल सुटी दिसते. न उलगडलेली फाइल ठेवली, तर यादी पूर्वीसारखीच रिकामी राहते. याखेरीज, एम.२ आकाराचा एसएसडी जर साटा जातीचा असेल आणि बोर्डावरचा तो स्लॉट केवळ एनव्हीएमईसाठी असेल, तर ड्राइव्ह बायोसलाही दिसत नाही. शिवाय काही बोर्डांवर एम.२ चा एक स्लॉट वापरात आला की साटाचे एखाद-दुसरे पोर्ट बंद पडते. ही माहिती बोर्डाच्या पुस्तिकेत बारीक अक्षरांत दिलेली असते, आणि तेवढ्यासाठी ती पुस्तिका वाचावी.

ड्राइव्ह सापडला, फाइली उतरू लागल्या, आणि मध्येच ०एक्स८००७०५७० असा क्रमांक दाखवून काम थांबले, तर संदेशाचा अर्थ फाइल दूषित आहे असा होतो. पेन ड्राइव्हवरील प्रत खराब असणे संभवते, म्हणून ती एकदा नव्याने करावी. पण नव्या प्रतीनेही प्रत्येक खेपेस वेगवेगळ्या टक्क्यांवर तेच घडू लागले, तर संशय रॅमवर घ्यावा. याचे कारण सरळ आहे: प्रत्येक फाइल रॅममधून उलगडत जाते, आणि तेथे एखादा बिट पालटला तरी तिची बेरीज जुळत नाही. बाजारातल्या रॅमच्या वेष्टनावर ६००० असा वेग छापलेला असला, तरी पुष्कळदा ती मुळात ४८०० वर सुरू होते, आणि छापील वेग एक्सएमपी अथवा एक्सपो या नावाच्या बायोसमधील जुळणीने मागाहून द्यावा लागतो. तो वेग त्या प्रोसेसरला आणि त्या बोर्डाला झेपेलच असे नाही. म्हणून प्रणाली बसेपर्यंत ही जुळणी बंद ठेवावी. तरीही दोष राहिला, तर मेमटेस्ट८६+ हा विनामूल्य प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवावा, आणि एकही चूक निघाली तरी एकेक पट्टी आळीपाळीने लावून दोषी कोण ते ठरवावे. एका वेळी एकच फेरफार, हा नियम येथे कटाक्षाने पाळावा लागतो. पट्टी, स्लॉट आणि वेग तिन्ही एकदम बदलून यंत्र सुरू झाले, तर दोष कोणाचा होता हे कळायचे राहूनच जाते.

यंत्रात एकाहून अधिक ड्राइव्ह असतील, तर नवी प्रणाली ज्याच्यावर बसवायची तो सोडून बाकीच्यांच्या केबली सोडवून ठेवाव्यात. विंडोज स्वतः नव्या एसएसडीवर बसते. पण जुन्या ड्राइव्हवर बूटचे पार्टिशन आधीपासून असेल, तर आपला बूटलोडर पुष्कळदा तेथेच ठेवते. सारे सुरळीत चालते, आणि वर्षा-दोन वर्षांनी जुना ड्राइव्ह काढला की यंत्र उभेच राहत नाही. तेव्हा त्या दोन घटनांचा संबंध लावणे फार अवघड जाते.

विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागतात. आजच्या बहुतेक प्रोसेसरांत टीपीएम अंगभूत असते, इंटेलच्या बोर्डावर ते पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम या नावाने असते, आणि केवळ चालू करायचे राहिलेले असते. ही अट चुकवण्याच्या युक्त्या प्रचलित आहेत, त्या नव्या यंत्रावर करू नयेत. पहिल्या सुरुवातीस इंटरनेट मागितले जाते, आणि बोर्डावरील नेटवर्क चिपचा ड्रायव्हर प्रतीत नसेल तर तेथे काम अडते. यासाठी तो आधीच दुसऱ्या पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवावा.

लिनक्स बसवणाऱ्याची गत काहीशी निराळी असते. तेथे ड्रायव्हर कर्नलमध्येच सामावलेले असल्याने ड्राइव्ह आणि नेटवर्क बहुधा विनासायास सापडतात, पण एनव्हिडियाच्या नव्या ग्राफिक्स कार्डापुढे पडदा काळा पडतो. अशा वेळी बूटच्या ओळीत ‘नोमोडसेट’ हा शब्द जोडून बसवणी साध्या पडद्यावर उरकावी आणि कार्डाचा ड्रायव्हर मागाहून घालावा. सिक्युअर बूट चालू असल्यास त्या ड्रायव्हरवरील सही यंत्राला मान्य करवून घेण्यासाठी पुढच्या सुरुवातीस एक निळा पडदा येतो, आणि त्यावर आपण ठरवलेला परवलीचा शब्द द्यावा लागतो. तो पडदा काय आहे हे न समजून पुष्कळ जण ‘पुढे चला’ दाबतात, आणि मग ड्रायव्हर का चालत नाही याचा दिवसभर शोध घेतात.

प्रणाली बसल्यावर बायोसमध्ये केलेले फेरफार एका कागदावर लिहून तो कॅबिनेटच्या आतल्या बाजूस चिकटवावा. बायोस अद्ययावत केला किंवा बोर्डावरचा सीआर२०३२ हा सेल बदलला की, पुष्कळ बोर्डांवर सारी व्यवस्था मूळ पदावर येते. व्हीएमडी बंद ठेवून बसवलेल्या यंत्रात ते आपोआप चालू होते, आणि कालपर्यंत नीट चालणारे विंडोज बूटचा ड्राइव्ह सापडत नाही म्हणून निळा पडदा दाखवून थांबते. अशा वेळी काहीही पुन्हा बसवण्याची गरज नसते. डिलीटची कळ दाबून बायोसमध्ये जावे, कागदावरच्या नोंदीप्रमाणे व्हीएमडी पुन्हा बंद करावे आणि एफ१० ने जतन करून बाहेर यावे.